आगळ, आमसूल आणि 55 हजारांचं कोटेशन

कुडाळ तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

‘मी, सासूबाई आणि वाडीतल्या चौघीजणी मिळून आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसूल आणि कोकम सरबत करतो. वर्षाला आगळाच्या 800 बाटल्या जातात. गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचे चाकरमानी, त्यांचे शेजारी आणि थोडे गोव्यातले. ऑर्डरी फोनवर, नाहीतर व्हॉट्सॲपवर. इन्स्टाग्रामवर 2,300 फॉलोअर आहेत. लाइक येतात, ऑर्डर येत नाही. आता एका वेब डिझायनरने 55 हजारांचं कोटेशन दिलंय. त्यात 15 पानांची साइट, शॉपिंग कार्ट, 40 ब्लॉग आणि “गूगलवर पहिल्या पानाची हमी” आहे. डोमेन ते स्वतःच्या नावावर घेऊन सांभाळणार म्हणतात. हे घ्यावं का? आणि ब्लॉग मराठीत लिहिला तर वाचणार कोण?’

ताई, कोटेशनवर अजून सही करू नका. वेबसाइट तुम्हाला हवी आहे आणि ती तुमच्या उपयोगालाही पडेल, पण या कोटेशनमध्ये तुमच्या कामाचं थोडं आणि बाकीचं भरतीचं आहे. तीन कलमं तर सरळ बदलून घ्यायला हवीत.

पहिलं हमीचं. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय. मग डिझायनर ती देतो कशी? त्याला एकच प्रश्न विचारा: ‘कोणत्या शब्दाला पहिल्या पानावर?’ तुमच्या उद्योगाचं नाव टाइप केलं तर तुमची साइट वर येणारच, कारण त्या नावाचं दुसरं कुणी नाही. हमी बहुतेक वेळा तेवढ्यावरच पुरी केली जाते. पण ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे त्याच्याकडे तुमचा फोन नंबरही असतो. तुम्हाला हवाय तो ठाण्यातला माणूस, जो ‘सोलकढीसाठी आगळ कुठे मिळेल’ असं शोधतोय. त्याची हमी मागितली की ते कलम आपोआप गळून पडेल.

दुसरं डोमेनचं, आणि माझ्या दृष्टीने हे सगळ्यात गंभीर. डोमेन म्हणजे दुकानावरची पाटी आणि पत्ता एकत्र. ते डिझायनरच्या खात्यात असलं, तर उद्या त्याचं-तुमचं बिनसलं, त्याने धंदा बंद केला किंवा नूतनीकरण करायला विसरला, तर पाच वर्षं लोकांना तोंडपाठ झालेला पत्ता एका दिवसात जातो. बाटलीवर छापलेला, व्हॉट्सॲपवर फिरलेला, गूगलला माहीत झालेला, सगळा. म्हणून डोमेन तुम्हीच घ्या. एखाद्या डोमेन विक्रेत्याच्या साइटवर तुमच्या ईमेलने खातं उघडा, तुमच्या नावाने नोंदवा, पैसे तुमच्या खात्यातून भरा. अर्ध्या तासाचं काम आहे. डिझायनरला साइट जोडायला पासवर्डसुद्धा द्यावा लागत नाही. तो सांगेल त्या दोन-चार डीएनएस नोंदी (पत्त्यामागची साइट कुठे ठेवली आहे ते सांगणाऱ्या) तुम्ही त्या खात्यात भरल्या की झालं. पहिल्या वर्षाची किंमत आमिषाला कमी असते, म्हणून घेण्याआधी नूतनीकरणाची रक्कम पाहा. जमलं तर एकदम तीन-पाच वर्षांचं भरा. खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि जो ईमेल रोज उघडता तोच तिथे द्या. मुदत संपत आल्याचं पत्र न उघडलेल्या ईमेलवर गेल्यामुळे कितीतरी डोमेन हातची गेली आहेत.

नाव निवडताना ते फोनवर सांगून पाहा. ‘कोकम’ हा शब्द रोमन लिपीत कुणी ‘ए’ने लिहितं, कुणी ‘यू’ने. ‘आगळ’ला एक ‘ए’ की दोन, हा वाद वेगळाच. असा शब्द डोमेनमध्ये आला की निम्मे लोक चुकीच्या पत्त्यावर जातात. वाडीचं, घराण्याचं किंवा एखादं सोपं, एकाच तऱ्हेने लिहिलं जाणारं नाव घ्या. शेवटी ‘डॉट इन’ चालेल, ‘डॉट कॉम’ मिळालं तर तेही. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ 2014 पासून मिळतं आणि त्याचा मोह होणं साहजिक आहे, पण ते मुख्य पत्ता म्हणून घेऊ नका. काही ॲपमध्ये चिकटवलं की त्याची रोमन अक्षरांची अगम्य माळ होते, आणि त्यावरचा ईमेल काही ठिकाणी स्वीकारलाच जात नाही.

तिसरं कलम 40 ब्लॉगचं. त्याकडे शेवटी येतो, कारण तिथे बोलण्यासारखं खूप आहे.

आता साइट केवढी हवी? तुमचे पदार्थ तीन. तुम्हाला 15 पानं लागत नाहीत. मुखपृष्ठ, प्रत्येक पदार्थाचं एक पान, घरपोच पाठवण्याची माहिती, ‘आम्ही कोण’ आणि संपर्क, शिवाय लेखांचा विभाग. बस्स. हे वर्डप्रेसवर करून घ्या. वर्डप्रेस हे साइट बांधायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते जाणणारे लोक कुडाळ-सावंतवाडीतही सापडतील, आणि डिझायनर बदलला तरी साइट तीच राहते. डिझायनरच्या स्वतःच्या ‘सिस्टीम’वर साइट बांधून घेतलीत, तर त्याच्याशिवाय तिला कुणी हात लावू शकणार नाही.

मुखपृष्ठ फोनवर उघडल्यावर, बोटाने खाली न सरकवता, चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: तुम्ही काय करता, कुठे करता, बाटलीचा एक स्वच्छ फोटो, आणि ‘व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या’ हे बटण. आपोआप सरकणारी चित्रपट्टी, जिला डिझायनर स्लायडर म्हणतात, ती ठामपणे नाकारा. पहिल्या चित्राच्या पुढे सहसा कुणी जात नाही, आणि पुढची चार चित्रं फोनचा डेटा खात बसतात.

पदार्थाच्या पानावर किंमत लिहा. ‘किमतीसाठी संपर्क करा’ असं वाचून निम्मी माणसं परत फिरतात. त्यांना संकोच वाटतो. वजन किंवा मिली, घटक, मीठ आहे का, साखर आहे का, किती दिवस टिकतं, उघडल्यावर कुठे ठेवायचं, सगळं तिथेच हवं. आगळ आणि सरबत यातला फरक मुंबईतल्या तिशीतल्या गिऱ्हाइकाला माहीत नसतो. तो आगळात पाणी आणि साखर घालून पितो आणि ‘फारच खारट निघालं’ म्हणून तक्रार करतो. ‘हे खारवलेलं आहे, सोलकढी आणि आमटीसाठी, सरबत हवं असेल तर ही दुसरी बाटली’ ही एक ओळ पानावर ठळक लिहिलीत तर ही तक्रार येणार नाही.

कायद्याचंही तिथेच उरकून घ्या. बंद पाकिटातला माल ऑनलाइन विकताना उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, मूळ देश आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल साइटवर दिसावे लागतात. अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांकही द्या. अनोळखी गिऱ्हाइकाला त्याने धीर येतो. आणि गोव्यातल्या गिऱ्हाइकांबद्दल एक सावधगिरी. मालविक्रीला जीएसटी नोंदणीतून 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जी सूट आहे, ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ती लागू होत नाही, आणि पणजी तुम्हाला मुंबईपेक्षा कितीही जवळ असली तरी ती दुसऱ्या राज्यात आहे. साइट सुरू करण्याआधी सीएकडे जाऊन याचा निकाल लावा.

शॉपिंग कार्ट पहिल्या वर्षी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ट आली की पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर पैसे स्वीकारणारी सेवा, आला. गेटवे कंपन्या सहसा प्रत्येक व्यवहारावर 2 टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी घेतात, आणि परतावा, गोपनीयता, डिलिव्हरी, अटी अशी पानं साइटवर असल्याशिवाय खातं मंजूर करत नाहीत. मग साठा रोज बदलत बसायचा, अर्धवट राहिलेल्या ऑर्डरी पाहायच्या. 800 बाटल्यांना हा व्याप झेपत नाही. तुमची माणसं आजही व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात आणि यूपीआयने पैसे पाठवतात, तेच सुटसुटीत करा. दिवसाला 15-20 ऑर्डरी येऊ लागल्या आणि हिशेब चुकू लागले, की कार्टचा विचार करा.

व्हॉट्सॲपचं बटण मात्र नीट बनवून घ्या. त्यामागच्या दुव्यात नंबर 91 ने सुरू व्हायला हवा. त्याआधी अधिकचं चिन्ह नको, शून्यही नको. इथे चूक झाली की बटण दाबल्यावर ‘हा नंबर व्हॉट्सॲपवर नाही’ असं येतं आणि महिनाभर तुम्हाला पत्ताच लागत नाही. दुव्यात आधीच लिहिलेला मजकूरही ठेवता येतो. प्रत्येक पानासाठी तो वेगळा ठेवा. आगळाच्या पानावर ‘नमस्कार, आगळ 500 मिली, बाटल्या: , पिनकोड: ’ असा, तर सोलकढीच्या लेखाखाली ‘नमस्कार, सोलकढीचा लेख वाचला, आगळ हवं आहे’ असा. आलेला निरोप पाहूनच कळतं की ऑर्डर कोणत्या पानावरून आली. त्यासाठी वेगळं मोजमाप लावायला नको.

डिलिव्हरीचा खर्च आधी सांगा. बऱ्याच कुरियर कंपन्या वजन दोन तऱ्हांनी काढतात, काट्यावरचं आणि खोक्याच्या आकाराचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायचं. 30 बाय 20 बाय 15 चं खोकं 1.8 किलो धरलं जातं, आत एकच बाटली असली तरी. म्हणून एक, दोन आणि चार बाटल्यांचे खोके ठरवा, तिन्हींचा मुंबई-पुण्याचा दर काढा आणि तक्ता पानावर लावा. गिऱ्हाईक तो पाहून स्वतःच दोनऐवजी चार मागवतं. गळकी किंवा फुटकी बाटली पोचली तर काय कराल, हेही लिहा: ‘उघडतानाचा फोटो 24 तासांत पाठवा, दुसरी बाटली आमच्या खर्चाने’. जे करू शकाल तेवढंच लिहा.

आता फोटो. तुमच्या फोनचा एक फोटो साधारण 4,000 बाय 3,000 बिंदूंचा (पिक्सेलचा) आणि 3 ते 5 एमबीचा असतो. असे सहा फोटो पानावर चढवले तर पान 20 एमबीच्या पुढे जातं आणि वाडीतल्या काय, लोकलमधल्या नेटवर्कवरही उघडत नाही. चढवण्याआधी रुंदी 1,200 बिंदूंवर आणा आणि फाइल वेबपी प्रकारात जतन करा. 100 ते 150 केबीत सुंदर दिसते. गूगलचं ‘स्क्वूश’ नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करतं. डिझायनरला फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, ते आधीच दाबले जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांचं ठेवू नका, पदार्थाचं द्या, आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात (चित्र दिसलं नाही तर त्याजागी येणाऱ्या) एक साधं वाक्य लिहा: ‘उन्हात वाळत घातलेली आमसुलं’.

फोटो काढताना कोकमाचा रंग दगा देतो. ट्यूबलाइटखाली आगळ जांभळट दिसतं, फिल्टर लावला की रंगवलेल्या सरबतासारखं भडक. सकाळी पडवीत, थेट ऊन नसलेल्या जागी, पांढऱ्या कापडावर काढा. बाटलीशेजारी चमचा किंवा वाटी ठेवा म्हणजे आकार कळतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडताना, बिया काढताना, वाळवताना हातांचे फोटो काढा. विकत आणलेल्या चित्रांमधली हसरी बाई तुमच्या साइटवर नको.

साइट झाली की गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये पत्ता टाकून मोबाइलचे आकडे पाहा. मुख्य चित्र किंवा मजकूर 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान उघडताना मजकूर वर-खाली उड्या मारत असेल तर तो आकडा 0.1 च्या आत असावा. बिघाड बहुतेक जड फोटो, स्लायडर आणि भारंभार प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयी) यांतच असतो. कोटेशनचे शेवटचे 20 टक्के पैसे हे आकडे बसल्यावरच देण्याचं ठरवा.

मराठी अक्षरांकडे डिझायनर सहसा लक्ष देत नाहीत, म्हणून हे तुम्हालाच पाहावं लागेल. तुमच्या लेबलचा मजकूर छापखान्याने श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉण्टमध्ये केला असेल, तर तो तसाच चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर आपण टाइप करतो तशा मराठीत, पुन्हा टाइप करून घ्या. मजकुराचं चित्र करून चिकटवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. चित्रातलं वाक्य शोधात धड सापडत नाही, कॉपी होत नाही आणि फोनवर वाचताही येत नाही. फॉण्ट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या, साधा आणि ठळक अशी दोनच वजनं. देवनागरी फॉण्टच्या फाइली जोडाक्षरांमुळे मोठ्या असतात, चार-चार फॉण्ट लावले की पान रेंगाळतं. अक्षर 18 बिंदूंचं, दोन ओळींतलं अंतर 1.6 ते 1.7 पट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. अक्षरांमधलं अंतर मुळीच वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरकी अक्षरंही नकोत. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडा. त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या साधनांना भाषा कळते, आणि फॉण्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. तुम्ही काम करता तो वर्डप्रेसचा आतला भाग इंग्रजीत हवा असेल तर तो तुमच्या प्रोफाइलमधून वेगळा ठेवता येतो.

लेखाचा पत्ता मात्र रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची चार ओळींची साखळी होते आणि लोक ती फसवणुकीची लिंक समजतात. ‘परमालिंक’च्या सेटिंगमध्ये ‘पोस्ट नेम’ हा पर्याय पहिल्याच दिवशी निवडा. नंतर बदललात तर जुने दुवे तुटतात.

आता ब्लॉग. 55 हजारांतले 40 लेख कोण लिहिणार? ज्याने रातांबा झाडावर पाहिलेला नाही असा माणूस, किंवा मशीन. ‘कोकमाचे 10 आश्चर्यकारक फायदे’ हा लेख मराठीत पडून आहेच, तुमचा आणखी एक कशाला? मार्च 2024 मध्ये गूगलने शोधात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात पाडलेल्या मजकुराविरुद्ध धोरण जाहीर केलं. असे 40 लेख तुमच्या बाकीच्या साइटलाही ओझं होतील. शिवाय त्यांत ‘वजन घटवते’, ‘मधुमेह बरा करते’ अशी वाक्यं हमखास असतात. 1954 च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत, आणि अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा करायला अन्नसुरक्षा कायद्यातही मनाई आहे. ते लेख लिहिणारा निघून जाईल, साइट तुमच्या नावावर असेल. हे कलम काढून टाका आणि त्याचे पैसे कोटेशनमधून वजा करून घ्या.

तुमचा ब्लॉग तुमच्या फोनमध्ये आधीच आहे. व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. ‘आगळात साखर असते का?’ ‘फ्रिजमध्ये ठेवायलाच हवं का?’ ‘एका नारळाच्या सोलकढीला किती आगळ?’ ‘आमसूल काळं पडलंय, जुनं आहे का?’ ‘चिंचेऐवजी आमसूल किती घालू?’ ‘वरती पांढरं आलंय, बुरशी आहे का?’ एकेक प्रश्न म्हणजे एकेक लेख. तुम्हाला एका माणसाने विचारलं म्हणजे न विचारता गूगलवर शोधणारे आणखी असणारच.

यातला एक घेऊन दाखवतो. मथळा: ‘आमसुलावर पांढरं दिसतंय: मीठ की बुरशी?’ पहिल्या परिच्छेदातच उत्तर: कोरडं, कणीदार, पाण्यात बुडवलं की विरघळणारं असेल तर मीठ, कापसासारखं, तंतूंचं आणि कुबट वासाचं असेल तर बुरशी, टाकून द्या. खाली शेजारी शेजारी दोन फोटो. मग कारण: मीठ पावसाळी हवेतली ओल धरतं आणि सुकताना पृष्ठभागावर येतं. मग साठवण: कोरडी काचेची बरणी, ओला चमचा नाही, पावसाळ्याआधी एकदा ऊन. शेवटी तुमच्या आमसुलाच्या पानाचा दुवा. 400-500 शब्द झाले. यात ‘कोकम हे पश्चिम घाटातील बहुगुणी फळ आहे’ अशी प्रस्तावना नको. शोधणारी बाई हातात बरणी घेऊन उभी आहे.

लिहायला बसणं जमत नसेल तर बोला. सासूबाईंना प्रश्न विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. फोनच्या कीबोर्डवरचं मराठी श्रुतलेखन बोललेलं बऱ्यापैकी उतरवतं, मग चुका दुरुस्त करा. त्यांचे शब्द गाळू नका. फळाला तुमच्याकडे भिरंड म्हणतात, रत्नागिरीकडे रातांबा; वाळवलेल्या सालीला कुणी आमसूल म्हणतं, कुणी सोल, कुणी नुसतं कोकम. लेखात सहजपणे यातले दोन-तीन शब्द एकदा तरी येऊ द्या, कारण शोधणारा त्याच्या घरचा शब्द टाइप करतो. शंभर वेळा कोंबू मात्र नका. प्रमाण सांगताना ‘चवीनुसार’वर सोडू नका. तुमचं आगळ किती दाट आणि किती खारट हे तुम्हालाच माहीत; एक नारळ, त्याचं निघालेलं दूध, चमचे मोजून आगळ असं करून पाहा आणि आलेला आकडा लिहा. तो तुमच्या बाटलीचा आकडा असेल, दुसऱ्या कुणाकडे नसेल. पाककृतीच्या लेखांना रेसिपीची खूणगाठ, म्हणजे ‘रेसिपी स्कीमा’, लावायला डिझायनरला सांगा. शोधात फोटोसकट दिसण्याची शक्यता वाढते.

मराठीत कोण वाचणार, असं तुम्ही विचारलंत. बोलून शोधणारे वाचतात, गावाकडचे वाचतात, आणि जे रोमन अक्षरांत ‘सोलकढी कशी करायची’ असं टाइप करतात तेही मराठीच शोधत असतात. मराठीत या विषयावर नेमकं लिहिलेलं फार थोडं आहे, म्हणून तुमच्यासारख्या छोट्या साइटला तिथे जागा मिळू शकते. लेख मराठीत लिहा. पदार्थांची पानं मात्र इंग्रजीतही करा, कारण चाकरमान्यांचे शेजारी आणि नवी पिढी तिथून येईल. इंग्रजी पान स्वतंत्र पत्त्यावर, माणसाने लिहिलेलं हवं. आपोआप भाषांतराचं बटण लावू नका. आगळ, भिरंड, सोल या शब्दांची ते वाट लावतं.

महिन्याला एक लेख पुरे. फक्त वेळ साधा. नवा लेख गूगलमध्ये रुजायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, तेव्हा उन्हाळ्यातलं सरबत आणि सोलकढी दिवाळीच्या आसपासच लिहून ठेवा. मे महिन्यात लिहायला तुम्हाला फुरसत नसणार. तेव्हा फक्त फोटो काढून ठेवा. साठवणीचे लेख पावसाच्या तोंडावर, आमटी-साराचे गणपतीआधी. आणि लेख झाल्यावर नुसतं गूगलची वाट पाहत बसू नका: पुढच्या वेळी तोच प्रश्न कुणी विचारला की दुवा पाठवा. दुव्यासोबत चित्र दिसावं म्हणून प्रत्येक लेखाला 1,200 बाय 630 बिंदूंचं, 300 केबीच्या आतलं मुख्य चित्र द्या. जड असलं की व्हॉट्सॲप ते दाखवत नाही. इन्स्टाग्रामही सोडू नका. तिथे रील पाहणाऱ्याला विकत घ्यायचं असतं तेव्हा तो प्रोफाइलमधला दुवा दाबतो. आज तिथे काय आहे ते पाहा.

साइट सुरू झाल्याच्या दिवशी वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये एक चौकोन तपासा: शोधयंत्रांना साइट नोंदवण्यापासून परावृत्त करा, अशा अर्थाचा. काम चालू असताना डिझायनर त्यावर टिकची खूण करतात आणि ती काढायला विसरतात; मग साइट वर्षभर गूगलमध्ये दिसतच नाही आणि सगळे ब्लॉगला दोष देतात. मग गूगल ‘सर्च कन्सोल’मध्ये तुमच्या ईमेलने साइट नोंदवा, साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) जमा करा. तिथे कोणत्या शब्दांवर तुम्ही दिसलात आणि किती जणांनी दाबलं हे मोफत कळतं. तीन महिन्यांनी पाहा. एखाद्या शब्दावर खूप वेळा दिसताय पण कुणी दाबत नाही, तर मथळा बदला. ज्या प्रश्नावर तुमचा लेखच नाही तरी तुम्ही दिसताय, तो पुढचा लेख. माणसं घरी येऊन माल नेत असतील तर ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ही काढा, नुसत्या ऑनलाइन विक्रीला ते चालत नाही. अभिप्राय मागा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

डिझायनरला आता नवं कोटेशन मागा: सात-आठ पानं, डोमेन आणि होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची जागा) तुमच्या खात्यात, वर्डप्रेसचा मुख्य लॉगिन तुमच्याकडे, आठवड्याला आपोआप बॅकअप, दोन तासांचं शिकवणं. एसएसएल प्रमाणपत्राचे (ब्राउझरला साइट सुरक्षित असल्याचं सांगणाऱ्या) वेगळे पैसे लावले असतील तर काढायला सांगा. चांगल्या होस्टिंगसोबत ते मोफत येतं. पैसे 40, 40 आणि 20 टक्के अशा तीन हप्त्यांत.

शेवटचं काम बाटलीवरच्या लेबलचं. त्यावर क्यूआर छापा आणि तो मुखपृष्ठाकडे न नेता ‘हे आगळ कसं वापरायचं’ या पानाकडे न्या, कारण स्कॅन करणाऱ्याने बाटली घेतलेलीच आहे. क्यूआर बनवणाऱ्या काही मोफत साइट तुमच्या पत्त्याऐवजी स्वतःचा मधला पत्ता त्यात भरतात आणि चाचणीची मुदत संपली की कोड बंद पडतो. तोवर हजार लेबलं छापून झालेली असतात. स्कॅन केल्यावर आधी तुमचंच डोमेन दिसतंय ना, हे पाहा. कोड किमान 2 सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, चारही बाजूंनी मोकळी जागा. तांबड्यावर चॉकलेटी छान दिसेल, पण वाचला जाणार नाही. छपाईला देण्याआधी एक नमुना बाटलीला चिकटवा, संध्याकाळच्या स्वयंपाकघरात न्या आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर स्कॅन करून पाहा.